उभी गाडी

१

सुधन्वा दांडेकरचा संसार ज्या वस्तूवर चालला होता, ती बहुतेक गाडीवाल्यांनी जन्मात पाहिलेली नसते. गाडीतला रेडिओ आणि व्हिडिओचा पडदा यांच्या पाठीमागे रंगीबेरंगी तारांचा एक झुबका असतो आणि त्या झुबक्याच्या तोंडाशी काळ्या प्लॅस्टिकची एक डबी. तिला कारखान्यात कपलर म्हणतात. एक कपलर दुसऱ्यात टक् करून बसला की सगळ्या तारा एका दमात जोडल्या जातात आणि गाडी गायला लागते. दिल्लीजवळ मानेसरच्या एका कारखान्यात हे कपलर तयार होत. त्यातला कुठला पास आणि कुठला नापास हे ठरवणाऱ्या खात्याचा सुधन्वा प्रमुख होता आणि या बाबतीत तो भलताच कडक होता.

त्या तारांमध्ये एक फिकट हिरवी तार असे. गाडी उभी आहे की चालते आहे हे पडद्याला सांगायचं, एवढंच तिचं काम. हँडब्रेक ओढला की ती तार गाडीच्या पत्र्याशी जोडली जायची आणि पडदा चित्र दाखवायचा. ब्रेक सोडला की चित्र बंद. चालत्या गाडीत ड्रायव्हरने सिनेमा बघू नये, यासाठी केलेली सोय. पण दिल्लीत ती सोय कुणाला हवी होती? गाड्या सजवणारी दुकानं ती तार सरळ पत्र्याला बांधून टाकत. मग गाडी रस्त्यावर कितीही उधळो, पडद्याला वाटायचं ही उभीच आहे. अशा दुकानदारांना सुधन्वा जेवणाच्या सुट्टीत मनापासून शिव्या घालायचा.

आणि तरीही एप्रिल महिन्यात त्याने स्वतःच्या गाडीत तेच केलं. कारण तनया.

तनया सहा वर्षांची होती. तिची नवी शाळा गुडगावच्याही पलीकडे, टोलनाका ओलांडून होती. चार-पाच वर्षांपूर्वी तिथे मोहरी पिकायची. सुधन्वाची बायको रुचिता दिल्लीतल्या बँकेत नोकरीला होती आणि सकाळी लवकर उलट्या दिशेने निघून जायची, म्हणून तनयाला शाळेत सोडून पुढे मानेसर गाठायचं काम सुधन्वाच्या गळ्यात पडलं. गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर पडली की मागच्या सीटवरून प्रश्न यायचा, "बाबा, अजून किती लांब?" तो शाळेपर्यंत येत राहायचा. मधेमधे, तो ट्रक उलटा का पडलाय, क्रेन रात्री कुठे झोपते, त्या बिल्डिंगला खिडक्या कधी येणार. इकडे सुधन्वाच्या कानाला फोन, फोनवर साहेब, आणि समोर गाड्यांची रांग. रोज शाळेपर्यंत जाताना त्याच्या नाकी नऊ यायचे.

सुधन्वा स्वतः दिल्लीच्या पहाडगंजात वाढला होता. तिथल्या मराठी शाळेत तो वडिलांचं बोट धरून चालत जायचा, आणि वडील त्याच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचे. माहीत नसेल तेव्हा बनवून द्यायचे. हे त्याला गाडी चालवताना आठवायचं, आणि आठवलं की तो तनयावर जास्तच चिडायचा.

कारखान्यात नापास माल लाल डब्यात टाकतात. तो पुन्हा कुणी वापरू नये म्हणून आधी त्याचा कोपरा कापतात. एका दुपारी तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या दिलीपने सुधन्वाला एक कपलर दाखवला. टेबलावरचा ब्रेकचा दांडा सोडला तरी दिवा विझत नव्हता. हिरवी तार आणि पत्र्याची काळी तार आतल्या आत कुठेतरी चिकटल्या असणार, म्हणजे हा कपलर गाडीला आयुष्यभर उभीच ठेवणार. दिलीपने तो लाल डब्यात टाकला, पण कोपरा कापायचा राहिला. संध्याकाळी सुधन्वाने तो हळूच उचलून खिशात घातला. बाहेरची दुकानं जो दोष मुद्दाम करतात तो इथे आयता मिळत होता, तार सोलायची सुद्धा गरज नव्हती.

रविवारी त्याने नवा प्लेअर आणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसवला. एक पडदा समोर डॅशबोर्डमध्ये, दुसरा त्याच्या सीटच्या पाठीला, तनयासाठी. डॅशबोर्डखाली हात घालताना त्याच्या निळ्या चौकड्यांच्या शर्टाची डावी बाही कोपरापासून टर्रकन फाटली. तेव्हा रुचिता तिथेच उभी होती.

"चालत्या गाडीत चित्र नको, हा नियम तूच लावतोस ना कारखान्यात?" तिने विचारलं.

"अगं, गाडीला काय कळतंय," तो म्हणाला. "तिला फक्त सांगायचं, तू उभी आहेस. ती ऐकते."

रुचिता हसली. फाटलेल्या शर्टाची तिने त्याच संध्याकाळी फडकी केली, आणि त्यातलं एक काच पुसायला गाडीत ठेवून दिलं.

२

पहिल्याच सकाळी गाडी इतकी शांत झाली की सुधन्वाने दोनदा आरशात बघितलं, मुलगी बसली आहे ना म्हणून. बसली होती. एक लठ्ठ मांजर चहाच्या किटलीमागे धावत होतं आणि तनया तोंड उघडं ठेवून त्याच्याकडे बघत होती. टोलनाका आला, गेला, शाळा आली. प्रश्न एक नाही. सुधन्वाला मनापासून आनंद झाला, आणि तो त्याने लपवलाही नाही. कारखान्यात जाऊन त्याने सगळ्यांना समोसे खिलवले.

पुढच्या आठवड्यात एकदा रांगेत बराच वेळ गेला आणि डिस्क संपली. मांजर गेलं, पडदा निळा झाला. निळा पडदा म्हणजे यंत्राला दाखवायला काही नाही. सुधन्वा फोनवर होता, त्याने लक्ष दिलं नाही. फोन ठेवून त्याने समोर बघितलं तेव्हा पडदा निळा नव्हता. त्यावर करड्या रंगाचं, जरा दाणेदार असं एक चित्र होतं. एका गाडीची मागची सीट.

बाकी काही नाही. रिकामी सीट, दोन्ही बाजूंच्या बंद काचा, आणि मधोमध पडलेलं उन्हाचं एक चौकोनी ठिगळ. कुठल्या तरी गाडीला कॅमेरा असेल आणि त्याचं चित्र भटकत इकडे आलं असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. रेडिओत नाही का दुसरं स्टेशन घुसत.

रांग सुटली आणि गाडीने वेग घेतला. पुलाखालून जाताना त्याच्या डॅशबोर्डवरून खांबांच्या सावल्या भराभर सरकत गेल्या. त्याच्या हातांवरून, स्टिअरिंगवरून. पडद्यावरच्या सीटवर ते उन्हाचं ठिगळ मात्र होतं तिथेच होतं. ती गाडी उभी होती. सीटवर करड्या रंगाचं कव्हर होतं, आणि त्याच्या एका कडेला दोरा उसवलेला होता. सुधन्वाच्या गाडीच्या सीटलाही असाच दोरा उसवलेला होता.

"डिस्क लावू का गं परत?" त्याने विचारलं. आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

"लाव ना," तनया म्हणाली. "त्या उभ्या गाडीत काहीच होत नाही."

"तू पाहिलीस ती?"

"रोज असते. कार्टून संपलं की."

सुधन्वाने डिस्क लावली आणि पडद्याकडे न बघता गाडी चालवली.

३

पुढच्या रविवारी त्याने डॅशबोर्ड उघडला. बाहेरच्या कॅमेऱ्याचं चित्र आत यायला कपलरमध्ये एक वेगळं भोक असतं. ते रिकामं होतं, त्यात तारच नव्हती. गाडीत कॅमेरा नव्हता. मागच्या काचेपासून टपापर्यंत त्याने सगळी गाडी हातांनी चाचपून बघितली, आणि सोसायटीचा गार्ड लांब उभा राहून त्याच्याकडे संशयाने बघत राहिला.

मग त्याने नापास कपलर सुटा करून त्याला मीटर लावला. हिरवी तार आणि काळी तार आत चिकटलेल्या असायला हव्या होत्या. चिकटलेल्या नव्हत्या. मीटरचा काटा जागचा हललासुद्धा नाही. त्याने टॉर्च मारून दोन्ही पिना बघितल्या, त्यांच्यामध्ये चांगलं अंतर होतं. म्हणजे या कपलरमध्ये दोषच नव्हता. त्याने तो परत बसवला, गाडी पार्किंगमध्ये गोल फिरवली, ब्रेक खाली होता, आणि मांजर किटलीमागे धावत होतं.

असं होऊ शकत नाही, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? मीटरचा सेल उतरला असेल, पिना गरम झाल्यावर पसरत असतील, अशी दोन-तीन कारणं त्याने जमवली. एकही त्याला पटलं नाही, तरी तेवढ्यावर त्याने रात्रीची झोप काढली.

सोमवारी त्याने दिलीपला सहज म्हणून त्या कपलरबद्दल विचारलं. दिलीप हरियाणवी माणूस, फारसा न बोलणारा. त्याने हातातलं काम थांबवलं.

"सर, वो आपने तो नहीं उठाया?"

सुधन्वा नाही म्हणाला.

"कोना काटने लगा था मैं," दिलीप म्हणाला. "टेबल से उतारकर हाथ में ले लिया था. बत्ती तब भी जल रही थी."

दिव्याचा होल्डर ढिला असेल, तो बदलून घे, असं सांगून सुधन्वा आपल्या टेबलाशी आला. घरी जाऊन तो कपलर काढून टाकायचा, असं त्याने ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तनयाने फाटकापाशीच पहिला प्रश्न विचारला, त्याच वेळी फोनही वाजला, आणि त्याने प्लेअर सुरू केला.

४

एप्रिल सरता सरता ऊन असं तापलं की गाडीच्या दाराला हात लावणं नको वाटायचं. त्या सकाळी सुधन्वा नेहमीप्रमाणे फोनवर बोलत होता, डिस्क अर्धीसुद्धा झाली नव्हती, आणि तरीही मांजराचं संगीत मधेच थांबलं.

स्पीकरमधून दुसराच आवाज येऊ लागला. थप, थप. मऊ हाताने काचेवर थोपटल्यासारखा. सिग्नलला पोरं काच वाजवतात, तशातलं कुणी असेल म्हणून त्याने सवयीने मान वळवली. पण गाडी सिग्नलला नव्हती, ती एक्सप्रेसवेवर चांगली पळत होती.

त्याने पडद्याकडे बघितलं. तीच सीट, तेच ऊन. आणि आज सीटवर तनया होती.

शाळेचा गणवेश, दोन वेण्या. कपाळावरचे केस ओले होऊन चिकटले होते आणि तोंड कोरडं पडून उघडं राहिलं होतं. ती सरळ समोर, त्याच्याकडेच बघत होती. तिने हात उचलून काचेवर थोपटलं. थप. मग हात जड झाल्यासारखा मांडीवर पडला.

सुधन्वाने आरशात बघितलं. आरशात त्याची तनया मागच्या सीटवर बसून तिच्या पडद्याकडे टक लावून बघत होती.

"तनया," त्याने हाक मारली.

पडद्यावरच्या मुलीने मान वळवली. आरशातली हलली नाही.

गाडी त्याने कशी कडेला घेतली, मागच्यांनी काय काय शिव्या घातल्या, त्याला नंतर काही आठवलं नाही. दार उघडून त्याने तनयाला बाहेर ओढलं. गाडीतला एसी पूर्ण जोरात चालू होता, वाऱ्याच्या जाळीपाशी धरला तर हात गारठत होता. आणि तनयाचं अंग चुलीवरून उतरवलेल्या भांड्यासारखं तापलेलं होतं. गणवेश घामाने पिळून काढावा इतका भिजला होता. तो तिला घट्ट धरून रस्त्याकडेला उभा राहिला आणि मोठमोठ्याने तिचं नाव घेत राहिला. तिने उत्तर दिलं नाही.

५

डॉक्टर वयस्कर आणि तुसडे होते. तनयाच्या हातात सलाईनची सुई टोचून झाल्यावर त्यांनी सुधन्वाला बाजूला घेतलं आणि विचारलं, मुलगी बंद गाडीत उन्हात किती वेळ होती. सुधन्वा म्हणाला, गाडी बंद नव्हती. डॉक्टरांनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं आणि नर्सला सांगितलं की मुलीच्या आईला बोलावून घ्या.

रुचिता टॅक्सी करून आली. तिने आधी तनयाला बघितलं, मग शाळेत फोन लावला, मग बाहेरच्या बाकापाशी येऊन सुधन्वासमोर उभी राहिली. शाळेत तनया पोचलीच नव्हती, हे सुधन्वालाही माहीत होतं. पण ते घरून नेहमीच्या वेळी निघाले होते, कोवळ्या उन्हात. आणि आता दवाखान्याच्या खिडकीतून सुधन्वाला दिसत होतं की बाहेर माणसांच्या सावल्या त्यांच्या पायाखाली गेल्या आहेत. घरापासून त्याने गाडी कडेला घेतली तिथपर्यंतचा रस्ता अर्ध्या तासाचासुद्धा नव्हता. मधली सकाळ कुठे गेली, ते त्याला सांगता येत नव्हतं.

"तिला गाडीत बंद करून तू कुठे गेला होतास?" रुचिताने विचारलं.

"कुठेच नाही गं. गाडी थांबलीच नव्हती."

"मग ती भाजली कशी?"

सुधन्वाने पडद्याचं सांगायला तोंड उघडलं, आणि ते वाक्य ऐकायला कसं वाटेल हे कळून मिटलं. रुचिता रडली नाही, ओरडली नाही. ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. तिच्या नजरेतला तो तिरस्कार त्याच्या जिव्हारी लागला. आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला स्वतःचीच खात्री वाटेना. फोनवर बोलता बोलता आपण खरंच कुठे उतरलो होतो का? कारखान्याच्या फाटकाशी, कुठल्या ऑफिसात, दोन मिनिटांत येतो म्हणून? माणूस असं करतो, आणि विसरतोही. त्याने आठवून आठवून बघितलं, पण त्याला फक्त मांजर आणि किटली आठवत होती.

तनया दोन दिवसांनी घरी आली. अशक्त झाली होती, पण बरी होती. काय झालं होतं असं रुचिताने गोड बोलून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी त्या उभ्या गाडीत होते. बाबा फोनवर होता." यानंतर रुचिता सुधन्वाशी कामापुरतंच बोलू लागली.

६

सुधन्वाने तो नापास कपलर काढला, पार्किंगच्या फरशीवर ठेवला आणि हातोडीने त्याचा चुरा केला. त्याजागी त्याने स्वतः तपासून पास केलेला कपलर बसवला. हिरवी तार सरळ हँडब्रेकपर्यंत नेऊन नियमाप्रमाणे जोडली. ब्रेक ओढला, चित्र आलं. ब्रेक सोडला, चित्र गेलं. गाडी पुढे-मागे करून त्याने हे इतक्या वेळा बघितलं की गार्डनेही शेवटी तोंड फिरवलं.

ते सगळं यंत्रच उपटून फेकून दे, असं रुचिता म्हणाली होती. तसं करायला हवं होतं. पण इथे सुधन्वाचा धंद्याचा अभिमान आडवा आला. दोष त्या एका डबीत होता, यंत्रात नव्हता, हे त्याला स्वतःच्या हातांनी सिद्ध करायचं होतं. नीट जोडलेली तार कधी खोटं बोलत नाही, असं तो इतकी वर्षं नव्या पोरांना शिकवत आला होता. डिस्क तेवढ्या त्याने कचऱ्यात टाकल्या.

थोडे दिवस रुचिताने रजा काढून तनयाला रिक्षाने शाळेत सोडलं. मग रजा संपली. आदल्या संध्याकाळी तिने सुधन्वाचा फोन मागून घेतला आणि तो बंद करून स्वतःच्या पर्समध्ये टाकला. शाळेत पोचल्याबरोबर तिथल्या ऑफिसमधून मला बँकेत फोन करायचा, असं तिने बजावलं. सुधन्वाने सगळं कबूल केलं. तनया परत त्याच्या गाडीत बसणार, एवढंच त्याला हवं होतं.

ती सकाळ त्याच्या आयुष्यातली फार चांगली सकाळ होती. पडदा काळा आणि गप्प होता. फाटकाबाहेर पडल्या पडल्या तनयाने विचारलं, "बाबा, अजून किती लांब?" आणि सुधन्वाला फार बरं वाटलं. तो सांगत सुटला. क्रेन उभ्याउभ्याच झोपते, मान खाली घालून. बिल्डिंगच्या खिडक्या ट्रकमधून येतात, चौथ्या मजल्याच्या आधी. माहीत नव्हतं ते त्याने बनवून सांगितलं. तनया हसत होती, चुका काढत होती, पुढच्या सीटला पाय मारत होती.

मग ती एकदम गप्प झाली आणि म्हणाली, "बाबा, ती उभी गाडी आता कुठे आहे?"

सुधन्वाने आरशात बघितलं. ती घाबरलेली नव्हती, नुसतं विचारत होती.

"ती ना? ती निघाली," तो म्हणाला.

"कोण चालवतंय?"

"मीच. दुसरं कोण?"

"अच्छा," तनया म्हणाली, आणि तिचं समाधान झालं.

७

टोलनाक्यावर नेहमीचीच गर्दी होती. गाड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या, सगळे हॉर्न वाजवत होते आणि डांबरावरून ऊन परतून तोंडावर येत होतं. सुधन्वाची गाडी रेंगाळत रेंगाळत खिडकीपाशी पोचली. पुढचा अडसर खाली होता. पैसे काढायला खिशात हात घालायचा म्हणून त्याने सवयीने हँडब्रेक ओढला.

पडदा उजळला.

प्लेअरमध्ये डिस्क नव्हती. निळा रंगही आला नाही. करडी, दाणेदार मागची सीट आली, आणि सीटवरून उन्हाचे तुकडे भराभर सरकत गेले. खांबाची सावली, मग ऊन, मग सावली. बाजूच्या काचेतून झाडं मागे पळत होती. ती गाडी चालली होती, चांगल्या वेगात. सीटवर तनया बसली होती, आजचा गणवेश, आज सकाळी रुचिताने बांधलेल्या लाल रिबिनी. ती खिडकीबाहेर बघत होती.

चित्राच्या कडेला चालवणाऱ्याचा खांदा दिसत होता, आणि थोडासा हात. निळ्या चौकड्यांचा शर्ट. डावी बाही कोपरापासून फाटलेली.

सुधन्वाने समोर डॅशबोर्डवर पडलेल्या निळ्या चौकड्यांच्या फडक्याकडे बघितलं. मग त्याने मान मागे वळवली.

मागच्या सीटचा पट्टा लावलेला होता. खटका नीट बसलेला होता. पट्ट्याच्या आत कुणी नव्हतं. बाजूला पाण्याची बाटली आणि दप्तर होतं. दोन्ही दारं आतून बंद, काचा वर. सीटला हात लावला तर ती अजून कोमट होती.

"बाबा," स्पीकरमधून आवाज आला. "अजून किती लांब?"

पडद्यावरच्या शर्टवाल्याने उत्तर दिलं नाही. त्याचा खांदा जरा उंचावलेला होता आणि मान एका बाजूला कललेली असावी, फोन कानाशी धरल्यासारखी.

सुधन्वाचा हात आपोआप ब्रेककडे गेला. गाडी पळवायची, गाठायची, एवढंच त्याच्या मनात होतं. ब्रेक खाली जाताच पडदा काळा झाला. त्याने घाईने तो परत ओढला, आणि चित्र आलं. तार अगदी बरोबर जोडलेली होती. त्याने स्वतः जोडली होती. गाडी उभी असेल तोवर मुलगी दिसणार होती.

पुढचा अडसर वर गेला. खिडकीतल्या माणसाने हाताने पुढे हो अशी खूण केली. मागून हॉर्नचा गदारोळ उठला.

"अजून किती लांब, बाबा?"

"आलंच बाळा," सुधन्वा पडद्याला म्हणाला. "आलंच हं. तो पूल गेला ना, की मग शाळाच. मी आहे ना इथे." त्याला काही माहीत नव्हतं, तो बनवून सांगत होता.

पडद्यावरच्या तनयाने खिडकीवरून नजर काढली आणि ती सरळ समोर, त्याच्याकडे बघू लागली. तिने डोळे बारीक केले. ओळखीचं काहीतरी दिसल्यासारखा तिचा चेहरा झाला. मग ती चालवणाऱ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, ती उभी गाडी परत दिसतेय."

"तनया," सुधन्वा ओरडला. "तनया, इकडे बघ. मी बाबा."

ती बघत नव्हती. ती पुढे झुकून त्या खांद्याला हलवत होती. फाटक्या बाहीचा हात स्टिअरिंगवरून निघाला, आणि त्रासून, न बघता, चित्राच्या दिशेने पुढे आला. तसा हात सुधन्वाने कितीतरी सकाळी पुढे केला होता, पोर गप्प बसावी म्हणून. बोटं मोठी होत होत पडदाभर झाली.

पडदा निळा झाला. मग संगीत सुरू झालं, आणि लठ्ठ मांजर किटलीमागे धावायला लागलं.

कुणीतरी बॉनेटवर मूठ आपटत होतं. "चलो भाई साहब, गाड़ी आगे लो," असं खिडकीतला माणूस ओरडत होता. मागच्या गाड्यांतली माणसं खाली उतरून शिव्या देत त्याच्याकडे येत होती, एकाने काचेवर थोपटायला सुरुवात केली होती. सुधन्वाने काच उघडली नाही. दोन्ही हातांनी ब्रेक ओढून धरून तो डिस्क संपायची वाट बघत बसला.